जुनी पिकअप घेताय? आधी तारखा वाचा

"गाडी चांगली दिसते, आरसी बुक आहे, मालक ओळखीचा आहे. आणखी काय पाहायचं?" जुनी पिकअप घ्यायला निघालेल्या वाचकांचा हा नेहमीचा प्रश्न. दुसरा प्रश्न व्यवहार उरकल्यावर येतो: "पैसे देऊन झालेत, गाडी दारात उभी आहे, मग ती माझ्या नावावर का होत नाही?" पहिल्याचे उत्तर वेळेवर मिळाले असते, तर दुसरा पडला नसता.

बोलेरो पिकअप असो, टाटा एस म्हणजे आपला छोटा हत्ती असो, योद्धा, इंट्रा किंवा अशोक लेलँड दोस्त असो, ही गाडी कमाईसाठी घेतलेली असते. मालवाहू म्हणून नोंद असल्यामुळे घरच्या मोटारीपेक्षा तिला सरकारदरबारी जास्त वेळा हजेरी लावावी लागते: फिटनेस, कर, विमा, पीयूसी, काही गाड्यांना परमिट. प्रत्येक हजेरीला तारीख पडते. तारखा सलग असतील तर गाडी रस्त्यावर होती, कमवत होती. मध्येच वर्षभराचा खंड दिसला, तर कमावणारी गाडी उभी का राहिली, हे विचारायलाच हवे. शेत घेताना आपण सातबाऱ्यावर न थांबता जुने फेरफार काढतो. इथेही आजच्या आरसीपेक्षा मागच्या नोंदी जास्त बोलतात.

खालचा क्रम शक्यतो मोडू नका. फुकटच्या तपासण्या आधी, खर्चाच्या नंतर आणि पैसे सगळ्यात शेवटी.

पायरी १: गाडी पाहायला जाण्याआधी

विक्रेत्याकडून फक्त गाडीचा नंबर मागून घ्या. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर तो टाका आणि पुढच्या गोष्टी वहीत उतरवा:

- नोंदणीची तारीख, इंधन, बीएस-४ की बीएस-६. देशभर १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-६ बंधनकारक आहे. नोंद त्यानंतरची आणि गाडी बीएस-४ असा मेळ दिसला, तर लेखी खुलासा मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.
- फिटनेस, विमा, कर आणि पीयूसी यांच्या मुदती.
- बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा.
- काळ्या यादीचा शेरा.
- दुसऱ्या आरटीओसाठी एनओसी आधीच निघाली आहे का.

मालकाचे नाव इथे अर्धवट, मध्ये फुल्या मारून दिसते. त्यामुळे मालकाची ओळख पटवायला ही नोंद पुरेशी नाही. पण विक्रेता सांगतो ते आणि नोंद यांत फरक असेल तर तो इथेच उघडा पडतो.

मग चलने पाहा. राज्याच्या वाहतूक पोलिसांचे ई-चलन आणि केंद्राची ई-चलन सेवा, दोन्हीकडे नंबर टाका. न्यायालयाकडे गेलेली चलने वेगळी दिसतात, तीही मोजा. चलने दंडाची रक्कम सांगतातच, शिवाय गाडी कुठे आणि कशी चालली हेही सांगतात. 'लातूरबाहेर कधी गेली नाही' असे ऐकवलेल्या गाडीवर पनवेलची दहा चलने असतील, तर मीटरवरचा आकडा वाचताना ती आठवा.

पायरी २: तारखांमधला खंड शोधा

नव्या मालवाहू गाडीला पहिला फिटनेस दोन वर्षांचा मिळतो. गाडी आठ वर्षांची होईपर्यंत तो दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. म्हणजे २०१७ साली नोंदलेल्या गाडीची २०१९, २०२१ आणि २०२३ च्या आसपासची प्रमाणपत्रे असायला हवीत आणि २०२५ पासून दरवर्षीचे. संकेतस्थळावर फक्त चालू मुदत दिसते. म्हणून जुनी फिटनेस प्रमाणपत्रे, कराच्या पावत्या आणि निदान मागच्या तीन विमा पॉलिसी मागा. नियमाने धंदा करणारा मालक या फायली ठेवतो. "सगळं एजंटकडे आहे" हे उत्तर मिळाले, तर एजंटकडून मागवायला सांगा आणि तोवर थांबा.

तारखा एकाखाली एक लिहून असे वाचा:

- विमा आणि फिटनेस दोन्ही तुटलेले: गाडी उभी होती. गॅरेजात, फायनान्स कंपनीच्या यार्डात की पोलिस ठाण्याच्या आवारात, ते विचारा आणि त्याचा कागद पाहा.
- विमा चालू, फिटनेस तुटलेला: गाडी बहुधा चालत होती, पण तपासणीला उभी करण्याच्या स्थितीत नव्हती. चॅसी, ब्रेक आणि स्टिअरिंग जास्त बारकाईने पाहा.
- नो क्लेम बोनस शून्यावर आलेला: दावा न घेता गेलेल्या वर्षांसाठी ही सवलत २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के अशी चढते. चढती सवलत शून्य झाली, तर तीन शक्यता असतात: दावा घेतला, मालक बदलला किंवा पॉलिसी संपून ९० दिवस उलटले. दावा घेतला असेल तर तो किती रकमेचा आणि कशाचा, हे मालकाने विमा कंपनीकडून लिहून आणून द्यावे.
- थोड्या काळात दोन-तीन मालक: प्रत्येकाने गाडी लवकर का काढली? शक्य झाल्यास आधीच्या एका मालकाला फोन करा. त्याला आता काही विकायचे नसल्यामुळे तो बहुधा खरे सांगतो.

एक सावधगिरी. कोरोनाच्या काळात केंद्राने फिटनेस, परमिट अशा कागदांची मुदत वाढवत नेऊन ३१ ऑक्टोबर २०२१ पर्यंत ग्राह्य धरली होती. त्या काळातल्या खंडावरून लगेच संशय घेऊ नका.

पायरी ३: मूळ कागद हातात घ्या

व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि झेरॉक्स यांवर व्यवहार करू नका. मूळ स्मार्ट कार्ड पाहा किंवा मालकाला त्याच्याच मोबाइलवर डिजिलॉकर उघडायला सांगा. मग हे तपासा:

- मालक आणि विक्रेता एकच आहेत का? आरसीवरचे नाव आणि समोरच्याचे आधार किंवा पॅन जुळवा. "गाडी मेव्हण्याच्या नावावर आहे, पण माझीच आहे" असे असेल, तर मेव्हण्याला समोर बसवा.
- चॅसी नंबर. तो १७ अक्षर-अंकांचा असतो. पहिली तीन कंपनी सांगतात: महिंद्रासाठी 'एमए१', टाटासाठी 'एमएटी', अशोक लेलँडसाठी 'एमबी१'. इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरे त्यात वापरत नाहीत. गाडीवर ठोकलेल्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा घ्या आणि आरसीशी एकेक अक्षर ताडा. आजूबाजूचे लोखंड घासलेले, ताजा रंग दिलेले किंवा वेल्डिंग केलेले दिसले, तर व्यवहार तिथेच संपला.
- इंजिन नंबर. इंजिन बदलले असेल तर आरसीत नोंद हवी. "गॅरेजवाल्याने दुसरं टाकलं" हे बिल आणि नोंदीशिवाय चालत नाही. ते दुसरे इंजिन कोणाच्या गाडीचे होते, हा प्रश्न उद्या तुम्हाला विचारला जाईल.
- एकूण वजन. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि मालासह एकूण वजन असते. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. छोटा हत्ती या मर्यादेत बसतो. मोठ्या पिकअप ती ओलांडतात. त्यांचे परमिट आरसीबरोबर आपोआप तुमच्या नावावर होत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो.
- नंबरपाटी. भाड्याने माल वाहायचा असेल तर पिवळी पाटी हवी. पांढऱ्या पाटीची, खासगी नोंदीची गाडी स्वस्तात मिळाली म्हणून भाडी मारायला घेऊ नका. उच्च सुरक्षा पाटी बसवली आहे का, तेही पाहा.
- सीएनजी किट. आरसीवर इंधन म्हणून सीएनजीची नोंद आणि टाकीच्या चाचणीचे प्रमाणपत्र दोन्ही हवीत. ही चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते.
- कर. वार्षिक की एकरकमी, आणि गाडी आठ वर्षांची झाली असल्यास पर्यावरण कर भरला आहे का, हे पावतीवरून पाहा. थकबाकी नव्या मालकाच्या अर्जाच्या वेळी समोर येते.

मालकाचा चालू मोबाइल नंबर आरटीओच्या नोंदीत आहे का, हेही विचारून घ्या. हस्तांतराचे ओटीपी त्याच नंबरवर जातात. तो बंद पडला असेल तर आधी बदलून घ्यायला लावा. नाहीतर पैसे दिल्यावर ओटीपीसाठी त्याच्या मागे फिरावे लागेल.

बोजा: "हप्ते संपलेत" एवढ्यावर थांबू नका

हप्ते संपणे आणि बोजा उतरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेवटचा हप्ता भरल्यावर फायनान्स कंपनी एनओसी आणि सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ देते. तो आरटीओत दाखल झाल्यावर आरसीवरचे कंपनीचे नाव जाते. कित्येक मालक पहिली पायरी चढून दुसरी विसरतात. काही वेळा त्याच मालकाचे दुसरे कर्ज थकलेले असते किंवा तो एखाद्या थकबाकीदाराला जामीन राहिलेला असतो, आणि कंपनी एनओसी अडवून धरते.

तुमच्यापुढे तीन मार्ग असतात:

1. मालकाने आधी बोजा उतरवावा, मग तुम्ही गाडी घ्यावी. सगळ्यात निर्धास्त मार्ग.
2. थोडे कर्ज बाकी असेल तर थेट कंपनीच्या खात्यात भरावे. आधी कंपनीकडून बाकी रकमेचे लेखी पत्र घ्या, रक्कम कर्जखात्यात भरा, पावती स्वतःकडे ठेवा. उरलेला भाव एनओसी हाती पडल्यावर मालकाला द्या.
3. तुम्हालाही कर्ज घ्यायचे असेल, तर तुमच्या बँकेला जुन्या कंपनीशी परस्पर हिशेब मिटवायला सांगा.

'चालू हप्त्यावर' गाडी घेऊ नका. गावोगाव चालणारा हा प्रकार: मालकाला काही रोख द्यायची, पुढचे हप्ते तुम्ही भरायचे, कर्ज फिटल्यावर गाडी तुमच्या नावावर करायची, आणि हे सगळे नोटरीच्या कागदावर लिहायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ नुसार बोजा असलेल्या गाडीचे हस्तांतर कंपनीच्या लेखी संमतीशिवाय नोंदवता येत नाही. कंपनीच्या लेखी तुम्ही कोणीच नसता. मूळ मालकाने तुमचे पैसे हप्त्यात भरले नाहीत तर गाडी तुमच्या दारातून ओढून नेली जाते. त्याने सगळे भरले आणि दरम्यान तो वारला, तर तुम्हाला त्याच्या वारसांच्या मर्जीवर राहावे लागते. असा व्यवहार करायचाच असेल तर कर्ज रीतसर तुमच्या नावावर वळवायला कंपनी तयार आहे का ते विचारा. नकार आला तर तुम्हीही नकार द्या.

जप्ती, गुन्हा आणि अपघात

पिकअपच्या बाबतीत हा भाग मोटारीपेक्षा महत्त्वाचा आहे, आणि तोच सर्वात कमी तपासला जातो. वाळू, गुटखा, दारू, जनावरे यांच्या बेकायदा वाहतुकीत बहुधा हीच गाडी पकडली जाते.

गुन्ह्यात जप्त झालेली गाडी खटला संपण्याआधी मालकाला परत मिळते ती सुपुर्दनाम्यावर. न्यायालय सोडताना अटी घालते: बोलावल्यावर गाडी हजर करायची, परवानगीशिवाय विकायची नाही, रंगरूप बदलायचे नाही. अशी गाडी तुम्ही घेतली, तर उद्या न्यायालयाने ती मागितल्यावर तुमची पावती कामी येत नाही. अवैध वाळू किंवा मुरूम वाहताना पकडलेली गाडी महसूल खाते जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली अडकवते आणि दंड व बंधपत्र घेऊन सोडते.

तपासायचे कसे?

- एनसीआरबी ही केंद्रीय संस्था पोलिसांच्या नोंदींवरून गाडीची ऑनलाइन एनओसी देते. नोंदणी, चॅसी आणि इंजिन नंबर टाकून ती काढा. चोरीची नोंद असेल तर इथे कळते.
- गाडी ज्या भागात चालली तिथल्या पोलिस ठाण्यात, आणि वाळूपट्ट्यातली असेल तर तहसील कार्यालयात चौकशी करा. मालकाला सोबत न्या. तो यायला तयार नसेल तर तेच तुमचे उत्तर.
- अपघातात कोणी जखमी किंवा मृत झाले होते का, भरपाईचा दावा चालू आहे का, त्या दिवशी विमा होता का, हे थेट विचारा आणि उत्तर विक्री करारात लिहून घ्या.

मोठ्या अपघाताचा आणखी एक धागा विम्यात सापडतो. दुरुस्तीचा खर्च पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला, तर विमा कंपनी गाडी पूर्ण नुकसानीत काढते. असा सांगाडा भंगारात न जाता कधी कधी दुरुस्त होऊन पुन्हा बाजारात येतो.

लोखंड काय सांगते

कागद स्वच्छ निघाले, तरच मेकॅनिकचा खर्च करा. मेकॅनिक तुमचा हवा. विक्रेत्याने सुचवलेला नको.

1. थंड इंजिन. सकाळी, न कळवलेल्या वेळी जा. बॉनेटला हात लावा. कोमट असेल तर गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळते. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण उघडल्यावर धुराचा जोर असेल तर इंजिन उघडावे लागणार.
2. चॅसी. गाडी खड्ड्यावर किंवा लिफ्टवर घेऊन दोन्ही तुळया पुढून मागपर्यंत पाहा. पाट्यांच्या ब्रॅकेटजवळ तडे, ठिगळे, नवे वेल्डिंग शोधा. पूर्ण चॅसीला ताजा काळा रंग असेल, तर तो कशासाठी दिला ते विचारा.
3. पाटे. मागच्या चाकांना जास्तीचा पाटा टाकलेला असेल तर गाडीने क्षमतेबाहेर माल ओढला आहे. मग क्लच, गिअरबॉक्स आणि मागच्या धुरीची झीजही तितकीच धरा.
4. वजनकाटा. गाडी रिकामी करून काट्यावर घ्या आणि वजन आरसीवरच्या रिकाम्या वजनाशी ताडा. हौद्याला जाड पत्रे, वाढवलेला फाळका, लोखंडी सांगाडा यांमुळे गाडी दोनशे किलोने जड भरली, तर तितका माल तुम्हाला कायद्याने कमी भरता येणार. जादा भारासाठी केंद्रीय कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे.
5. भरलेल्या गाडीची फेरी. रिकामी पिकअप कोणतीही बरी पळते. थोडा माल भरून चढावर न्या. गिअर निसटतो का, क्लच घसरतो का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, ते पाहा.
6. इशाऱ्याचे दिवे. चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा पेटून, गाडी सुरू झाल्यावर विझायला हवा. तो पेटतच नसेल तर कोणीतरी काढला आहे. बीएस-६ डिझेल गाडीत धूर साफ करणारी यंत्रणा महाग असते, म्हणून स्कॅनर लावून घ्या.

आधी काय वाहिले, हेही विचारा. मासळीच्या गाडीत खारे पाणी हौद्यातून चॅसीवर गळते आणि लोखंड आतून खाते. ससून डॉक, रत्नागिरी, मालवण किंवा गोव्याकडून आलेल्या गाडीची चॅसी हातोडीने ठोकून पाहा. खत वाहिलेल्या गाडीचेही तसेच. दुधाच्या गाडीचे मात्र किलोमीटर भरपूर असतात. तिला सुट्टी नसते.

मीटर मागे फिरवला आहे का?

मीटरवरचा आकडा पुरावा नाही, दावा आहे. तो असा ताडा:

- कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चॅसी नंबरावरून जुन्या सर्व्हिसची नोंद निघते. मालकाला सोबत नेऊन ती मागा. प्रत्येक भेटीत किलोमीटर लिहिलेले असतात.
- टायरच्या बाजूला कोरलेले चार अंक पाहा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा. गाडी म्हणे ४०,००० किलोमीटर चालली, आणि टायरचा दुसरा संचही झिजत आला, हे जुळत नाही.
- पेडलचे रबर, स्टिअरिंगची पकड, चालकाच्या सीटची कड पाहा. मीटर बदलता येतो. हे सगळे कोणी बदलत बसत नाही.

पुरात बुडालेली गाडी

सांगली-कोल्हापूरचे २०१९ आणि २०२१ चे पूर, चिपळूणचा जुलै २०२१ चा पूर यांत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. नुसत्या एमएच-०८, ०९ किंवा १० या क्रमांकावरून शंका घेणे अन्यायाचे होईल. पण त्या भागातली गाडी असेल आणि त्याच सुमारास विमा दावा किंवा तारखांचा खंड असेल, तर नीट पाहा. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाची रेघ राहते. केबिनमधले मॅट उचला, सीटखालचे रूळ पाहा, वायरिंगचे जोड उघडून हिरवट-पांढरा थर आहे का ते बघा. वायरिंगमध्ये शिरलेले पाणी महिन्यांनंतर त्रास देते, तेव्हा विक्रेता फोन उचलत नाही.

कोणाकडून घेताय?

- थेट मालक: इतिहास विचारता येतो, भावही बरा. वॉरंटी नसते.
- डीलर: १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र लागते, ते पाच वर्षांसाठी असते. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याचे फॉर्म २९-सीद्वारे कळवलेले असावे. दोन्ही दाखवायला सांगा.
- फायनान्स कंपनीचा लिलाव: गाडी 'जिथे आहे, जशी आहे' तत्त्वावर मिळते. नंतरची तक्रार ऐकली जात नाही. जुनी चलने, कर आणि नावावर करण्याचा खर्च कोणाचा, हे बोली लावण्याआधी वाचा. आरसी कंपनीच्या नावावर झाली आहे का, तेही विचारा.
- परराज्यातील गाडी: मूळ आरटीओची एनओसी, इथला कर आणि नवा नंबर, असा खर्च भावात मिळवा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. स्वस्ताईचे कारण वयात असते.
- मृत मालकाची गाडी: आधी वारसाच्या नावावर होऊ द्या. बाकी वारसांची लेखी संमती घ्या.

पैसे देण्याचा क्रम

1. टोकन लहान ठेवा आणि पावतीवर लिहून घ्या: 'बोजा, गुन्हा, थकबाकी किंवा नंबरांतील तफावत आढळल्यास टोकन परत.'
2. विक्री करारात गाडीचा नंबर, चॅसी व इंजिन नंबर, मीटरचा आकडा, ताबा देण्याची तारीख आणि वेळ लिहा. त्या क्षणाआधीची चलने, कर, अपघात आणि गुन्हे यांची जबाबदारी विक्रेत्याची, हे स्पष्ट असू द्या.
3. फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून घ्या. कोऱ्या फॉर्मवरच्या सह्या घेऊ नका, देऊ नका.
4. पैसे नोंदणीकृत मालकाच्याच बँक खात्यात भरा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची मनाई आहे.
5. काही रक्कम हस्तांतराचा अर्ज आरटीओत मंजूर होईपर्यंत राखून ठेवा आणि ते करारात लिहा.

ताबा घेतल्यानंतर

नाव बदलण्याचा अर्ज खरेदीदाराने ३० दिवसांत करायचा असतो. विम्यासाठी मुदत त्याहून कमी, १४ दिवस. तिसऱ्या पक्षाचा विमा कायद्याने तुमच्याकडे येतो. पण तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा, पॉलिसी तुमच्या नावावर नसेल तर अडकतो. नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, म्हणून फरकाची रक्कम भरावी लागेल. विक्रेत्याचा फास्टॅग बंद करून स्वतःचा काढा.

विक्रेत्यालाही यात रस असायला हवा. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे, की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदीवर असलेला मालकच जबाबदार धरला जातो, गाडी प्रत्यक्षात कितीही हात फिरली असली तरी. टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याला हा निकाल ऐकवा.

फसवणूक झाली तर तुमचे हक्क

- गाडीवर विक्रेत्याचा हक्कच नव्हता, असे निघाले तर वस्तुविक्री कायदा, १९३० तुमच्या बाजूने आहे: विकण्याचा हक्क असल्याची हमी विक्रीत गृहीत असते. पैसे परत मागता येतात. पण चोरीची गाडी तुमच्याकडे राहत नाही.
- गाडीच्या दर्जाबाबत कायदा तितका उदार नाही. पाहून-तपासून घेतलेल्या जुन्या गाडीचा क्लच महिन्यात गेला, तर विक्रेत्याला धरता येत नाही. अपघात किंवा पूर लपवून लेखी खोटे सांगितले असेल, तर धरता येते. म्हणून तो करार हवा.
- डीलरकडून घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. 'व्यावसायिक गाडी, म्हणून तुम्ही ग्राहक नाही' असे तुम्हाला ऐकवले जाईल. मात्र उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतलेली वस्तू या अपवादात धरली जात नाही. एकच पिकअप, स्वतः चालवता, तर तसे तक्रारीत नमूद करा. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.
- बनावट कागद, खोडलेला चॅसी नंबर किंवा एकच गाडी दोघांना विकणे हा गुन्हा आहे. पोलिसांत तक्रार द्या. बँक नोंदी, संदेश आणि करार सोबत जोडा.

भावात बसणारे आणि न बसणारे दोष

झिजलेले टायर, थकलेला क्लच, पाट्यांची झीज, जुनी चलने, थकलेला कर, फिटनेसची संपलेली मुदत: हे सगळे दोष पैशात मोजता येतात. मेकॅनिककडून खर्च लिहून घ्या आणि तेवढा भाव पाडा. यात संकोच नको.

चॅसी नंबरची छेडछाड, सुपुर्दनामा, न उतरलेला बोजा, समोर न येणारा मालक, तुळईला मोठा तडा आणि कशानेही न भरणारा तारखांचा खंड: यांतला एकही दोष कोणत्याच भावात बसत नाही. "निम्म्यात देतो" असे म्हटले तरी उठा. पुढे कधीतरी तुम्हालाही ही गाडी विकायची आहे, आणि तेव्हा समोरचे गिऱ्हाईक हीच यादी हातात घेऊन आलेले असेल.